सकाळची फेरी

पाच वाजता गेटवर मोबाईल जमा,
आधार कार्ड, जिप्सीचा नंबर,
मग माझं पाठ केलेलं:
नमस्कार, मी रंजू पेंदाम, आज तुमची गाईड.
खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही,
वाघ दिसेलच असं नाही.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
‘काऊन’ नाही म्हणायचं, ‘का’ म्हणायचं.
तेव्हापासून मी पाच ते दहा ‘का’ म्हणते.
गुलाब शेंडे गालात खर्रा धरून गाडी चालवतो,
त्याला काहीच म्हणावं लागत नाही.

हा ऐन. साल पाहा, मगरीच्या पाठीसारखी.
भर उन्हाळ्यात ह्याच्या पोटात पाणी असतं.
आमचे देव ह्याच्याच खाली बसतात,
म्हणून कुऱ्हाड आणणारा आधी चप्पल काढतो
आणि मग कुऱ्हाड घेऊन परत जातो.

मागच्या सीटवरून प्रश्न येतो:
काल कुठे दिसला होता?

ही कडई. पांढरी फटक.
पर्यटक हिला भुताचं झाड म्हणतात.
आम्ही हिचा डिंक विकून मीठ आणायचो.
मोहफुलं सरली, आता टोळ धरतील.
तो उडाला तो स्वर्गीय नर्तक,
शेपटी पाहा,
शेपटी
गेला.

इथून पुढे गवत.
सांगते: इथे चितळ चरायला येतात,
चितळांच्या मागे ती येते.
नकाशावर ह्याला पाणवठा क्रमांक सात म्हणतात.
हे काही सांगत नाही, की सात नंबरची
ही विहीर बांधताना दोन बैल दगावले होते,
की तिचं नाव पिपरबोडीची खालची विहीर,
आणि वरच्या विहिरीचं पाणी खारट होतं
म्हणून बायका भांडायच्या ते इथेच.

पाच आंबे एका ओळीत उभे आहेत.
जंगल ओळीत झाडं लावत नाही,
पण हे आजवर कुणी विचारलेलं नाही.
पुनाजी कोतवालानं सहा लावली होती.
सहावं शेळीनं खाल्लं.

तेवढ्यात गुलाबनं ब्रेक दाबला.
ती बसली होती
शाळेच्या ओट्यावर.
भिंती गेल्या, ओटा राहिलाय,
झेंड्याचा खांब रोवायचा तो सिमेंटचा ठोकळाही.
जिथं जिभकाटे गुरुजी हजेरी घ्यायचे
तिथं तिनं पंजा टाकला होता,
आणि जांभई दिली
सगळे हजर असल्यासारखी.

नाशिकच्या सरांचा कॅमेरा
कुकरच्या शिटीइतका वेळही थांबला नाही.
कट कट कट कट.
मी पहिल्यांदाच नियम मोडला,
कुजबुजत म्हटलं: सर, एक फोटो पाठवाल?
पूर्ण. आजूबाजूचं सगळं येईल असा.
वाघिणीचा? नक्की, नंबर द्या!
वाघिणीचाच, म्हटलं.

ट्रक आले तेव्हा मी तिसरीत होते.
भांडी मोजून भरली, शेळ्या मोजून चढवल्या,
तुळशीचा डबा आईनं मांडीवर घेतला.
फोटो काढायचा राहिला.
कुणाकडे कॅमेरा नव्हताच,
म्हणून राहिला असंही म्हणता येत नाही.

आता रोडच्या कडेला वस्ती आहे,
घरांना नंबर आहेत, नळाला सकाळी पाणी.
संध्याकाळी मोबाईल वाजला.
आईनं हात पुसले, चष्मा पुसला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला.

वाघिणीच्या मिशा मोजता येत होत्या.
मागे नुसतं हिरवं, कालवलेलं,
पाण्यात पाला वाटून टाकावा तसं.
खाली सरांनी लिहिलं होतं:
बॅकग्राउंड कसं विरघळलंय बघा!

‘काऊन वं,’ आई म्हणाली, ‘शाळा कुठी आहे?’
मग बराच वेळ ती पाहत राहिली.
हिरव्यातल्या एका काळ्या डागावर
बोट ठेवून म्हणाली,
‘हे आपलं कवठ असन.’

तिथं कवठ कधीच नव्हतं.
मी म्हटलं, हाय, तेच हाय.