दुपारी दोन ते चार

पंचवीस वर्षं मी रिक्षातनं पुकारत आलो.
सर्कस आली, सेल लागला, उद्या पाणी येणार नाही.
फुटबॉलची फायनल असली की
गंगावेशीपासून मिरजकर तिकटीपर्यंत
दुकानांचे पत्रे थरथरायचे.
आता घसा फाटका, भोंगा तोच,
बॅटरी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची.

कळंब्याच्या रस्त्याला विश्वतेज सरनोबतानं टर्फ टाकलं.
पुण्याला शिकून आलेलं पोरगं.
चारी बाजूंनी जाळी, वर सोळा दिवे,
खाली हिरवंगार गवत, त्याला पाणी लागत नाही.
बँकेच्या हप्त्याला मात्र रोज घालावं लागतं.

त्यानं मला लॅपटॉपवर गोल दाखवले.
गोलात गोल, गोलाला बाण.
"हिंदुरावकाका, हा आपला ग्राहक.
वय अठरा ते पस्तीस, हातात मोबाईल."
मी म्हटलं, "ह्याला नाव नाही व्हय?"
तो हसला. पुढचं पान आलं.

रील काढलं. दोन लाख फॉलोअरवाली एक पोरगी आली,
बूट कोरे, बॉल अंगावर आला की डोळे मिटायची.
एका तासावर एक मिसळ फुकट दिली,
लोकांनी मिसळ खाल्ली.
चौकात फ्लेक्स लावला, तो महापालिकेनं नेला.
संध्याकाळ भरायची, रात्र भरायची.
दुपारी दोन ते चार जाळीवर कावळे.
तेही फुकटचे.

मग मीच म्हणालो, आठवडाभर रिक्षा दे.
भाव सांगितला नाही, ऑफर सांगितली नाही.
बागल चौकात गाडी उभी केली आणि:
"ऐका हो ऐका! काल रात्री साडेनऊला
इथल्याच इस्त्रीवाल्या दस्तगीरनं तीन गोल घातले!
गोलकीपर दूधवाला धनपाल.
पाच अडवले, तीन सोडले,
घरी जाऊन जेवला नाही!"

दस्तगीर इस्त्री टाकून रस्त्यावर आला.
आत कुणाचा तरी पांढरा शर्ट जळला.
त्याचे पैसे विश्वतेजनं दिले
आणि वहीत लिहिलं: जाहिरात खर्च.

गल्ल्या यायला लागल्या. प्रत्येकाला आपलं नाव
आपल्याच दारात ऐकायचं होतं.
मला चिठ्ठ्या यायच्या, मी वाचायचो.
तसंच टाकाळ्याच्या उतारावर वाचलं:
"सुकुमार मगदूम! शिरोलीची फाउंड्री! दोन गोल!"
त्या रात्री सुकुमारची सेकंड शिफ्ट होती.
निदान घरात तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेटात स्कूटर थांबली.
हेल्मेट काढलं नाही.
मी भोंगा पाठीमागं लपवला.
बाईनं चपलेनं गवत दाबून बघितलं, एकदा, दोनदा.
"दुपारचा भाव काय?"
विश्वतेजनं लॅपटॉप उघडला.
कुठल्याच गोलात ती बसेना.

गुरुवारी सात जणी आल्या.
दोघी अंगणवाडीच्या, एक पतसंस्थेतली,
एकीनं लेकाची ट्रॅकपँट घातलेली, दोऱ्यानं बांधून.
पहिल्या दिवशी बॉल हातानंही चालला.
पेनल्टीवरनं भांडण झालं, पाणी पिऊन मिटलं,
परत झालं.
कावळे उठून गेले.

जाताना ती म्हणाली,
"पुकारायचं तर नीट पुकारा.
पुढं सौ. नको, मागं त्यांचं नाव नको."

संध्याकाळी टाकाळ्याच्या उतारावर भोंगा हातात धरला
आणि घसा अडला.
इतक्या वर्षांत बायकांची नावं मी पुकारली होती,
जोतिबाच्या यात्रेत, हरवल्या-सापडल्याच्या चिठ्ठीवरनं.
निळी साडी, रंग सावळा, नातेवाईकांनी मंडपात यावं.

"ऐका हो ऐका," मी म्हणालो,
"त्रिशला. आज दुपारी. एक गोल."

वर गॅलरीत सुकुमार कपडे वाळत घालत होता.
चिमटा दातात धरूनच त्यानं विचारलं,
"गोलकीपर कोण होतं ओ?"