डावा हात

स्कूटरला पुढे एक सपाट जागा होती,
पाय ठेवायची म्हणतात, पण पायांचा नंबर नेहमी शेवटी.
आधी सिलिंडर, मग दळण, पिग्मीच्या वह्यांची पिशवी,
एका जूनमध्ये हापूसची दोन कलमं,
हनुवटीला पानं घासत हेदवीपर्यंत आलेली.
आणि त्याही आधी बरीच वर्षं
तिथे उभा असायचा शार्दूल,
दोन्ही आरशांच्या दांड्या धरून,
दिसेल त्या म्हशीला हॉर्न वाजवत.

आता तो चिपळुणात हॉस्टेलवर.
पीठ पाकिटातून येतं.
जागा तेवढी माझ्याबरोबर फिरत राहिली
पालशेत ते वेलदूर, वेलदूर ते धोपावे,
वीस-वीस, पन्नास-पन्नासच्या पावत्या फाडत.

मोटारसायकल घेतली तीही जुनीच.
मालक जहाजावर, गाडी दोन वर्षं झापांखाली,
टाकीला पोचा, सायलेन्सरात कुंभारमाशीचं घर.
हनीफ मुकादमने ते तारेने उकरलं,
हातावर घेऊन मला दाखवलं,
मग किक मारली.

पतपेढीचे मॅनेजर म्हणाले, मॅडम, जड जाईल तुम्हाला.
एकशे सव्वीस किलो, मी म्हणाले. पुस्तकात दिलंय.

सड्यावर शिकले.
कातळ सपाट, पडलं तर सोलवटतं, बाकी काही नाही.
पाच ते साडेसहा, गुरं परतायच्या आत.
न्यूट्रल सापडता सापडेना.
सतरा वेळा बंद पडली, हनीफ मोठ्याने मोजत होता,
अठराव्यांदा क्लच सोडताना
बोटांना काहीतरी कळलं:
ओढ घेण्याआधी गाडी किंचित थरथरते,
माशी बसल्यावर गाईचं कातडं हलतं तशी.
तिथे थांब, हनीफ ओरडला. तिथेच. आता सोड.

स्कूटर पडवीत आहे.
त्या जागेत कोंबडी अंडी घालते.

धोपाव्याचा उतार मात्र सड्यावर शिकवता येत नाही.
फेरीबोटीचा भोंगा झालेला,
पुढे माशांचा टेम्पो, अगदी पुढे,
आणि माझ्या डाव्या हाताने
चौदा वर्षांच्या इमानाने
ब्रेक दाबला.

तो ब्रेक नव्हता.

इंजिनाने हात सोडला
आणि गाडी उताराची झाली.
डावा हात आणखी घट्ट,
गाडी आणखी सैल.
काही नाही हो, दोन सेकंदं, असं तिकीटवाला सांगतो.
मला त्या दोन सेकंदांत
टेम्पोमागे रंगवलेलं ‘मरियम’ वाचता आलं,
म-मधल्या गाठीतला उडालेला रंगसुद्धा,
आणि मग आठवलं
की आपल्याला उजवा पाय आहे.
सिलिंडरच्या, दळणाच्या, पोराच्या मागे
इतकी वर्षं अंग चोरून बसलेला.

दाबला.

मरियम वीतभर पुढे.

बोटीत गाडी कठड्याला लावली,
गिअरमध्ये ठेवून, हनीफने सांगितलं तशी.
गुडघे कापत होते म्हणून उगाच पावतीपुस्तक काढलं.
शेजारी पाटी घेऊन बसलेली मावशी म्हणाली,
कोणाची गो ही?
माझी.
तिने पुढून पाहिलं, वाकून बाजूने पाहिलं.
आणि ह्याच्यावर सामान खंय ठेवतंस?

खरंच, पुढे जागाच नव्हती.
जिथे असायची तिथे इंजिन,
टक् टक् करत निवणारं.
नाही ठेवत, मी म्हणाले.

तिने खाडीकडे पाहत जरा विचार केला.
मग बाजारापर्यंत मला घे, म्हणाली.
पाटी मी धरीन.

दाभोळचा चढ. पहिला गिअर.
कमरेशी टेकलेली पाटी,
कोलंबीचं थंड पाणी पाठीवरून खाली,
आणि डाव्या बोटांत ती थरथर.
थांबले तिथे.
मागची म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हणाले,
आणि सोडलं.