उसवलेल्या लोकरीच्या वळ्या

नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य डोंगरामागे जातो,
तो जानेवारी सरेपर्यंत गावात उतरत नाही.
दुपारी उजेड असतो थोडा, ताकाच्या निवळीसारखा.
ऊन नसतं.

मासळीच्या कारखान्यात आम्ही सातजणी पोलंडच्या,
पट्ट्यावरून येणाऱ्या कॉडचे काटे उपटत उभ्या.
हातांची काही तक्रार नव्हती.
डोकं सुरू व्हायचं रात्री अडीचला,
फ्रिजच्या घरघरीबरोबर,
आणि छातीत कुणीतरी खुर्च्या सरकवायला लागायचं.

डॉक्टर एका गुरुवाराआड विमानाने येतात.
वारा असला की येत नाहीत.
त्या गुरुवारी वारा होता.
दवाखान्याच्या बाकावर माझ्याखेरीज एकटी स्टाइनव्होर,
पोस्टातून निवृत्त झालेली.
तिला कुणालाही भेटायचं नव्हतं,
तिथला दिवा तिच्या घरच्यापेक्षा बरा होता, इतकंच.
तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.
हातांकडे पाहिलं,
अंगठ्याजवळची कातडी मी सोलत होते.
पिशवीतून दोन सुया काढल्या, उरलीसुरली राखाडी लोकर,
आणि म्हणाली, धर.
तिच्या भाषेतले मला बारा शब्द येत होते,
त्यातला तो एक.

आणखी दोन मिळाले त्या दुपारी:
सुलट. उलट.

पहिल्या आठवड्यात मी विणलं ते फडकं नव्हतं, भांडण होतं.
टाके इतके आवळलेले की सुई शिरेना.
स्टाइनव्होर म्हणाली, सैल सोड,
मेंढी केव्हाच निघून गेलीय,
लोकर काही पळत नाही.

अठ्ठेचाळीस टाके. अडीचला उठून मोजायचे.
भीती यायचीच,
पण तिला म्हणता यायचं, थांब, एवढी ओळ होऊ दे.
सदतिसाव्यावर मोजणी चुकायची,
परत पहिल्यापासून.
भीती गेली असं नाही म्हणणार मी.
दाराशी ताटकळून
कधीकधी तिचाच डोळा लागायचा.

आई फोनवर विचारते, गोळ्या घेतेस ना?
घेते. गोळ्या सकाळी, लोकर रात्री.
हाल्श्का कारखान्यात हसते, म्हातारी झालीस म्हणते,
आणि जेवणाच्या सुट्टीत हळूच विचारते,
ते उलट कसं घालतात गं?

स्वेटर घातला तेव्हा स्टाइनव्होरने विचारलं, माप कुणाचं?
मी हवेत खांदे दाखवले. रुंद. माझ्या डोक्याच्या वर.
ती म्हणाली, असा माणूस या गावात नाही.
मी म्हटलं, कुठेच नाही.
माझा भाऊ होता.
ती काही बोलली नाही. माप तेवढं लिहून घेतलं.

गळ्याशी आलं की मी उसवायचे.
तीनदा उसवलं.
उसवलेली लोकर सरळ होत नाही,
प्रत्येक टाक्याची वळी तिच्यात राहते,
शेवयांसारखी कुरळी, जुनं सगळं लक्षात ठेवून.
तिने शिकवलं: कोमट पाण्यात भिजव,
न्हाणीघरात टांग, खाली वजन लाव.
मी मटारचा बंद डबा लावला.
रात्रभर थेंब पडत राहिले,
मी ते मोजले नाहीत, झोपले.
वळ्या जातात? सकाळी मी विचारलं.
बऱ्याचशा, ती म्हणाली.
उरलेल्या नव्या विणीत दिसत नाहीत.
बोटांना तेवढ्या कळतात.

सूर्य परतायचा तो दिवस,
घरोघर पॅनकेक, कॉफी, मुलांना शाळेतून लवकर सोडलेलं.
पोस्टाच्या भिंतीवर ऊन पडतं, चार मिनिटं.
खालून हाल्श्काने हाक मारली, मग दोनदा शिट्टी,
लवकर ये, आलं, आलं!
मी गळ्याचे टाके बंद करत होते.
चौथ्यांदा गळा. उरले होते एकोणीस.
खिडकीतून ओरडले, ही ओळ संपवून येते.

खाली उतरले,
त्याचा स्वेटर अंगात, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
तेव्हा भिंत पुन्हा राखाडी झाली होती
आणि लोक घरी निघाले होते.
स्टाइनव्होरने एक पॅनकेक
बशीखाली झाकून ठेवला होता.
गार झालेला. खाल्ला.
उद्या पाच मिनिटं असेल, ती म्हणाली,
आणि बाही ओढून शिवण तपासू लागली.