कड

सुटलो त्या दिवशी बहोडापूरच्या फाटकाबाहेर
टेम्पोवाल्यानं विचारलं, कुठं?
बाडा, म्हणालो.
भाडं किती झालंय ठाऊक नव्हतं,
म्हणून मूठच उघडली त्याच्यापुढे.
त्यानं वीस घेतले
आणि उरलेल्यांवर माझी बोटं मिटवली,
आजाऱ्याची मिटवतात तशी.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.
मी उभा.
कुंदा आतून म्हणाली, ढकला की.
मी उभाच.
अकरा वर्षं एकही दार मी उघडलं नव्हतं,
लावलंही नव्हतं.

रात्री दिवा मालवू देत नाही.
पहाटे पाचाच्या आत अंथरुणाची घडी,
आणि भिंतीशी उकिडवं बसणं, गिनतीला.
लेक दात घासता घासता बघायची.
एक दिवस शेजारून जाताना
ब्रश तोंडात तसाच ठेवून म्हणाली, "एक."
आणि चहा टाकायला गेली.
मी किती वेळ हसत होतो कोण जाणे.
चहा निवला.

संक्रांतीच्या मुलाकातीला कुंदा गजक आणायची.
शिपाई तपासणीत तिचा चुरा करायचे.
आता ताटात अख्खी वडी आली
की मीच आधी चुरतो,
तिच्यात काय लपवलंय ते बघतो.
तीळच असतात.

आत हातमाग मिळाला होता.
भूरे खाँ उस्ताद म्हणायचा,
पंजा मार, पण रागानं नको, सुताला कळतं.
आई गेल्याचा निरोप आला त्या दुपारी
चौथ्या पट्ट्यात तांबडं सूत
एक घर पुढे गेलं.
उसवू का, विचारलं.
त्यानं बोट फिरवलं त्यावरून, बराच वेळ.
राहू दे, म्हणाला.
सरकारी माल. कोण बघतंय.

बाहेर प्रत्येक अर्जात एक रकाना असतो.
मी तिथवर नीट अक्षरात लिहायचो.

शेवटी टेंट हाऊसच्या तोमरनं ठेवून घेतलं.
रोजचे साडेतीनशे.
विचारलं काहीच नाही,
एवढंच म्हणाला, गल्ल्याकडे जायचं नाही.
खुर्च्या, कनाती, पाण्याचे जार, सतरंज्या.
गिनती मला येतेच.

दौलतगंजच्या कार्यालयात कुणाची तरी मुंज होती.
गठ्ठा सोडला, लोटत नेला,
आणि चौथ्या पट्ट्याशी हात थांबला.
तांबडं, एक घर पुढे.
जुन्या मालाच्या लिलावात घेतली असेल तोमरनं.
बायका येऊन बसल्या तिच्यावर,
एक बाळ सांडलेलं दूध चाटत होतं.
मी खांबाशी उभा राहून बघत होतो
माझ्या आईच्या दुपारवर
लोक मांडी घालून बसलेले.

त्यातच सरवट्यांचा मुलगा होता.

मी एकच धक्का दिला होता त्याच्या वडिलांना.
हे मी वकिलाला सांगितलं, जजसाहेबांना सांगितलं,
रात्री छताला सांगितलं.
एकच.
ओट्याची कड दगडाची होती.
तेव्हा हा सहा वर्षांचा,
कोर्टात मागच्या बाकावर बसायचा,
पाय जमिनीला पोचत नसत,
आणि तो ते हलवत राहायचा.

आता मिसरूड. वाढपी कमी म्हणून मठ्ठा वाढत होता.
मी पेला पुढे केला नाही.

पंगती उठल्या.
चाळीस फुटांची सतरंजी एकट्यानं घडी होत नाही.
टोक धरून नेहमीसारखी हाक दिली, कुणी आहे का रे?
दुसरं टोक त्यानं उचललं.

झटकली. अक्षता उडाल्या, एक बटण,
कुणाची तरी हरवलेली कर्णफुलाची फिरकी.
मग घडी घालताना चालावं लागतं तसा
तो माझ्याकडे आला,
टोक माझ्या हाती देऊन वाकला,
दुमड उचलली, मागे गेला,
पुन्हा आला.
तिसऱ्या खेपेला वीतभर अंतर उरलं.
हनुवटी तीच.
माझे हात कापत होते आणि सूत कापत होतं.
त्यानं ओळखलं की नाही
मला आजही सांगता येणार नाही.
चौथा पट्टा नेमका वर आला होता.

"कड सरळ धरा, काका," तो म्हणाला.

धरली.