सातवं कलम

चार दिवस मी बेळगावचा होतो.
उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या बास्केटबॉल संघाचा, नंबर अकरा.
शिंप्यानं बनियनच्या पाठीवर नाव शिवलं ते कानडीत,
को, ग, नो, ळे.
बोटानं चाचपत वाचलं.
ळ दोन्हीकडं तसाच, जीभ मागं वळवून.

ठरलं होतं असं:
विरुपाक्ष हुक्केरी निपाणीला, त्याच्या बदल्यात मी इकडं,
वर पंचवीस हजार,
आणि फोरमननं तोंडी कबूल केलेली
शिफ्टची नोकरी, जेवणासकट.
निघताना वखारीतल्या बायकांनी
तंबाखूच्या हातांनी माझे गाल कुरवाळले,
सिद्राम आता मोठ्या गावचा झाला म्हणाल्या.
यमकनमर्डीपर्यंत मी शिंकत होतो.

पहिल्या दिवशी साच्याची काळी वाळू नाकात.
तिसऱ्या दिवशी थर्ड गेटजवळ खोली बघितली,
आगाऊ भाडं दिलं, चावी घेतली.
चौथ्या दिवशी फोन.

विरुपाक्षाला मशीनमध्ये घातलं होतं निपाणीकरांनी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यातली गादी फाटलीय,
आजकालची नाही, जुनी.
दोन हंगाम खेळेल, नाहीतर दोन मिनिटं.
आमचे मालक तंबाखूवाले.
पान बोटांत चुरून, हुंगून भाव सांगणारा माणूस.
त्यांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली,
आधी उलटी, मग सुलटी,
आणि म्हणाले,
वरनं झकास, आतनं डागी. माल परत.

करारात सातवं कलम होतं:
एक परत, तर दुसराही परत.
माझ्या गुडघ्यांना कुणी काही विचारलं नाही.
ठणठणीत होते दोन्ही.
त्याच गुडघ्यांनी ऑफिसचा जिना उतरलो,
चावी परत केली, भाडं बुडालं.
बनियन द्यायला गेलो तर फोरमन म्हणाला,
राहू दे तुला. हे नाव दुसऱ्या कुणाला बसणार?

संकेश्वरच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या
दहा मिनिटं टेकतात.
चहाच्या टपरीमागं बाकावर तो बसला होता,
एवढा उंच माणूस, पाय पसरून,
येणारी-जाणारी पोरं त्या पायांवरून उड्या टाकत होती.
मला बघून सरकला. जागा केली.

माझ्या डाव्या भुवईत तीन टाके आहेत,
त्याच्या कोपराचे.
चिकोडीची फायनल, बोर्डाखाली, रिबाउंडला दोघंही वर.
त्यानंतर आज पहिल्यांदा इतक्या जवळ.

"तू तर बरा हायस की," तो म्हणाला.
"तरी परत?"
"कलम सात."
"हां. ते कन्नडमध्ये वाचलो मी. तेच होतं."
मग बराच वेळ बिस्किट चहात बुडवत राहिलो दोघं.
त्याचं तुटून तळाला गेलं,
त्यानं बोटानं काढून खाल्लं.

मी विचारलं, कधी झालं हे, गुडघ्याचं?
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
भुवईकडं बघितलं.
"चिकोडी," म्हणाला.
"वरनं खाली आलो, खाली जमीन नव्हती.
बूट होता कुणाचा तरी."

दहा नंबरचे बूट. त्या वर्षी नवे घेतले होते.
आताही तेच होते पायात, बाकाखाली ओढून घेतले.

कंडक्टर ओरडायला लागला, बेळगावी, बेळगावी.
चहाचे पैसे त्यानं दिले, मला देऊ दिले नाहीत.
"माझ्यामुळं हेलपाटा तुला," म्हणाला.
माझ्यामुळं, असं तो म्हणाला.

गाडीची पायरी चढताना
त्यानं आधी डावा पाय टाकला,
दांडी धरली, मग उजवा आत ओढला,
ओल्या पोत्यासारखा.
कुणाच्या ध्यानात आलं नसतं.
पुढच्या महिन्यात त्यांच्याशी सामना आहे आमचा,
आणि मला तिथंच, स्टँडवर उभ्या उभ्या कळलं
की चेंडू घेऊन
त्याला कुठल्या बाजूनं कापत जायचं.

मग निपाणीची गाडी लागली.
खिडकीची जागा मिळाली.
बनियन मांडीवर पालथी होती,
नाव खाली.