भागतं

कौमुदी, तू विचारलंस,
सत्तावीस हजार पाचशेत ग्वाल्हेरला भागतं का.
गॅसच्या पावतीमागे मी आकडा लिहिला,
चष्मा पुसला,
आणि आधी भविष्यनिर्वाह निधी कापला, मग व्यवसाय कर.
नेमणुकीच्या पत्रात
हातात न येणारे पैसेही ठळक छापतात.
उरले पंचवीस हजार चारशे नव्वद.

थाटीपूरला भदौरियाबाईंची वरची खोली
साडेसहाला मिळेल. वीज वेगळी.
टाकी थेट डोक्यावर,
म्हणजे मे महिन्यात अंघोळीला कढत पाणी फुकट.
हे मी जमेत धरलेलं नाही.

तू फेब्रुवारीत येऊन गेलीस.
फेब्रुवारीत हे गाव कुणालाही परवडतं.
जानेवारीत बोटं पेनावर वळत नाहीत,
हीटरचं मीटर पळतं.
मेमध्ये कूलर, कूलरला वाळ्याच्या जाळ्या,
जाळ्यांना पाणी, पाण्याला टँकर.
दोन्ही ऋतू इथे रोख घेतात.

नई सडकेवर सबनीसबाई डबा देतात,
चार पोळ्या, शनिवारी एकच वेळ.
टेंपो थाटीपूर ते कंपू वीस रुपये.
पण तुझी प्रयोगशाळेतली रात्रपाळी सुटेल
तेव्हा टेंपो नसेल,
रिक्षावाला दीडशे म्हणेल,
तू भागलेली असशील, घासाघीस करणार नाहीस.
दीडशेच लिहितो.

कर्जाचा हप्ता तू लिहिलास.
ताईला दरमहा पाच हजार पाठवणार, ते लिहिलं नाहीस.
मी लिहिलं.
ती नको म्हणेल, तू पाठवशील,
ती ते तुझ्याच नावावर पोस्टात टाकेल
आणि तुला सांगणार नाही.
मग हा खर्च की शिल्लक?
छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
इतरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली मी,
या नोंदीला रकाना सापडत नाही.

एक्क्याऐंशीत मी आलो तेव्हा सहाशे बारा होते.
तेवीस तारखेनंतर पंक्चर झाली
तर एक तारखेपर्यंत सायकल हाताने ढकलायची,
कुणी विचारलं तर, व्यायाम.
हजिऱ्यापासून लष्करापर्यंत
माझ्या तब्येतीचं फार कौतुक व्हायचं.
हे तुझ्या आईला माहीत नाही.
तिला मी तेव्हा दर संक्रांतीला गजक पाठवायचो,
उत्तम प्रतीची.

तर भाग देऊन पाहिला.
तीस दिवसांनी, दिवसाला आठशे एकोणपन्नास.
बाकी वीस.
थाटीपूर ते कंपू, एका बाजूचं.

यात दाढदुखी नाही,
मैत्रिणींची लग्नं नाहीत
(यंदा किती, ते कळव),
भुसावळला गाडी बदलून अकोल्याला येणं नाही.
एखाद्या संध्याकाळी काही कारण नसताना
किल्ल्याखालून चालत जाताना
मक्याचं कणीस घ्यावंसं वाटेल, तेही नाही.
ते कुठल्याच हिशेबात नसतं, तरी घे.

हो लिहू की नाही लिहू,
पावती दोन्ही बाजूंनी भरली.

गादी आणू नको, इथे आहे.
रजई तेवढी आण,
अकोल्यात ती नुसती जागा अडवते.
आणि अनामत दोन महिन्यांची मागतील,
एकाची मी बोलून ठेवली आहे.