आमोसचा चेहरा

पाचगणीच्या चर्चमध्ये, दक्षिणेच्या खिडकीत
चार संदेष्टे, शिशाच्या पट्ट्यांत जखडलेले;
सातशे वर्षं जुन्या कुठल्याशा काचेवरून उतरवलेले, म्हणे.
त्यातल्या आमोसचा चेहरा माकडांनी फोडला.

वाईहून रज्जाक काचवाला आला.
तसला मधाळ रंग त्याच्याकडे नव्हता.
"साधी बसवतो," म्हणाला, "घराला लावतात ती."
शलमोनमामांनी मान हलवली,
हो की नाही, कळलं नाही.

आता यशया निळा, यिर्मया तांबडा,
योनाच्या पायाशी हिरवा मासा;
उपदेश लांबला की त्यांचे रंग
फरशीवरून सरकत
माझ्या अनवाणी पायांवर चढतात.
आमोसकडून येतं नुसतं ऊन,

आणि चेहऱ्याच्या जागी
बाहेरचा उंबर.
उंबरंच राखायचा ना तो,
हाक येण्याआधी?

फांदी हलतेय.
माकडंच असणार.